पहिलीच निवड चाचणी घेताय? आधी बॉलवरची नजर काढा

बास्केटबॉल संघाच्या निवड चाचणीच्या दिवशी नव्या कोचच्या डोळ्यांत दोनच मुलं भरतात. एक सगळ्यांत उंच असतो तो, आणि दुसरा ज्याच्या हातातून बॉल सुटतच नाही तो. बाकीची वीस-पंचवीस मुलं धावतात, घामाघूम होतात, आणि रात्री यादी करायला बसलं की त्यांतल्या निम्म्यांचा खेळ आठवत नाही. यात आळशीपणा नाही. बॉल जिकडे जातो तिकडे डोळा जातो, आणि तो सगळ्यांचाच जातो. म्हणून चाचणीची आखणी अशी हवी की बॉल हातात नसतानाही प्रत्येक मुलाकडे कोणीतरी नीट बघितलं पाहिजे. पुढचं सगळं त्याच एका हिशेबाने लिहिलं आहे, आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचा संघ पहिल्यांदाच निवडणाऱ्या कोचसाठी आहे.

आधी आकडा, मग चाचणी

किती मुलं घ्यायची हे चाचणीनंतर ठरवू नका. नंतर ठरवलं की कोणालाच ‘नाही’ म्हणवत नाही आणि संघ सोळा जणांचा होतो.

साधं गणित करा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. कोर्टवर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. दहा मुलं घेतलीत तर प्रत्येकाला सरासरी २० मिनिटं मिळतात, बारा घेतलीत तर १७ मिनिटांहूनही कमी, आणि पंधरा घेतलीत तर जेमतेम १३. तुमच्या स्पर्धेत डाव लहान असतील तर त्याहून कमी. घेतलेल्या प्रत्येक मुलाला तुम्ही खेळायला मिळण्याचा शब्द देत असता, आणि बाकावर बसून कोणी बास्केटबॉल शिकत नाही. दुसऱ्या बाजूने, सरावाला दोघं-तिघं कायम गैरहजर असतात आणि पाच विरुद्ध पाच खेळायला दहा जण तर लागतातच. हाताशी एक सहायक असेल तर बारा घ्या, एकटे असाल तर अकराच्या वर जाऊ नका, असं माझं मत आहे. स्पर्धेच्या नियमात संघाची कमाल संख्या आणि वयाच्या पुराव्याची अट काय आहे, तेवढं आयोजकांना विचारून घ्या.

मग काय शोधायचं ते लिहून काढा. चार-पाच गोष्टी पुरेत. बॉल हाताळणं, डिफेन्स, बॉल नसताना जागा घेणं, निर्णय, आणि सांगितलेलं उचलण्याची तयारी. या यादीत उंची मुद्दामच नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास, आणि त्यातही मुलामुलांत दोन-तीन वर्षांचा फरक पडतो. आज वर्गात सगळ्यांत उंच असलेला मुलगा कदाचित फक्त लवकर वाढलेला असतो. दोन वर्षांनी तो मधल्या रांगेत दिसेल, आणि तोवर तुम्ही त्याला बास्केटखाली उभं राहण्यापलीकडे काही शिकवलेलं नसेल.

मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं, ही गोष्ट कोणी ना कोणी पालक तुम्हाला ऐकवणारच. तेव्हा ती नीट माहीत असावी. १९७८ साली लेनी हायस्कूलच्या मुख्य संघात त्याला जागा मिळाली नाही आणि त्याच्याहून बराच उंच असलेल्या मित्राला मिळाली, हे खरं. पण त्याला घरी पाठवलं नव्हतं. त्याला कनिष्ठ संघात घेतलं, आणि तिथे तो भरपूर खेळला. कोचला यातून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच की न निवडलेल्या मुलासाठी दुसरी जागा तयार ठेवावी.

कागद, सामान, माणसं

चाचणीच्या पत्रकात तारखा, वेळा, काय घालून यायचं, काय बघितलं जाणार आहे आणि निकाल कधी व कसा कळवणार, एवढं असावं. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग आठवडाभर फोन घेत बसतात. सोबत आरोग्याचा फॉर्म भरून घ्या. दमा, ॲलर्जी, जुनी दुखापत, आणि खेळताना कधी चक्कर आली किंवा छातीत दुखलं का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं तर डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत त्या मुलाला कोर्टवर उतरवू नका. दम्याचा पंप बॅगेत तळाशी नको, कोर्टच्या कडेला हवा.

बॉलचा आकार तपासा. बारा वर्षांखालच्या मुलांना ५ नंबरचा, त्यावरच्या मुलींना ६ नंबरचा. मोठी मुलं ७ नंबरने खेळतात. बारा ते चौदाच्या मुलग्यांसाठी तुमच्या स्पर्धेत कोणता चालतो ते बघा. ७ नंबरचा बॉल ५ नंबरच्या बॉलपेक्षा साधारण शंभर ग्रॅमने जड असतो. तो अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिला की ती कमरेपासून झोका देऊन फेकते, आणि तुम्ही लिहिता ‘शॉट कच्चा’. रिंगचंही तसंच. नेहमीची उंची ३.०५ मीटर, लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० मीटर. मुलं ज्या रिंगवर सामने खेळणार आहेत तीच चाचणीला हवी.

नंबरचे बिब आणा, पुढून आणि मागून दोन्हीकडे ठळक नंबर असलेले. बिब नसतील तर कागदी टेपवर मार्करने नंबर लिहून पाठीवर आणि छातीवर चिकटवा. गुण नंबरला द्यायचे, नावाला नाही. आडनाव ओळखीचं निघालं की पेन आपोआप हलकं होतं. घड्याळ, कडी, कानातलं काढायला लावा, नखं वाढलेली असतील तर कापायला लावा. प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फ जवळ ठेवा. कोणाच्या डोक्याला जोरात लागलं तर ‘बरं वाटतंय’ म्हटलं तरी त्या दिवशी पुन्हा खेळवू नका.

आता माणसं. ज्याच्या तोंडात शिट्टी आहे त्याला गुण देता येत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका. ड्रिल, म्हणजे सरावाचे ठरलेले प्रकार, चालवायला एक आणि बघायला किमान दोन, अशी तीन माणसं लागतात. चाचणीला आलेल्या कुठल्याही मुलाचे आई-वडील परीक्षक नकोत. तुमचं स्वतःचं मूल चाचणीत असेल तर त्याचे गुण इतर दोघं देतील. अगदीच एकटे असाल तर पालकांची लेखी परवानगी घेऊन कोपऱ्यात मोबाईल उभा करून चित्रीकरण करा आणि रात्री बघा. पालकांना बसू द्यायचं असेल तर लांब, बाकांपासून दूर. कडेवरून ‘अरे शॉट मार ना!’ असा आवाज येऊ लागला की मूल तुमच्यासाठी खेळत नाही, त्या आवाजासाठी खेळतं.

गुणपत्रक

दहापैकी गुण देऊ नका. सहा आणि सातमध्ये काय फरक, हे कोणालाच सांगता येत नाही. तीनच पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक पायरीला डोळ्यांनी दिसेल असं वर्णन लिहा. डिफेन्सचं उदाहरण घ्या.

१ – बॉलकडे बघत उभा राहतो, आपला माणूस मागून निघून गेलेला कळत नाही.
२ – आपल्या माणसासमोर राहतो, पण पास गेला की थांबतो.
३ – पास हवेत असतानाच जागा बदलतो.

अशी प्रत्येक मुद्द्याची तीन वाक्यं चाचणीच्या आधी परीक्षकांबरोबर बसून ठरवा. शेवटी एक मोकळा रकाना ठेवा, ‘काय दिसलं’. त्यात ‘चांगला खेळतो’ लिहिलेलं चालणार नाही. ‘पास हुकल्यावर स्वतः धावत परत आला, दोनदा’ असं हवं. पुढे पालक समोर बसतील तेव्हा हाच रकाना कामी येणार आहे.

पहिलं सत्र, दीड तास

पहिली दहा मिनिटं वॉर्म-अप, आणि त्यात एकही गुण द्यायचा नाही. मुलं घाबरलेली असतात. परीक्षकांनी एवढ्या वेळात नंबर आणि चेहरे जुळवून घ्यावेत.

मग प्रत्येकाला एक बॉल देऊन दहा मिनिटं ड्रिबल, म्हणजे टप्पे मारत बॉल नेणं. उजवा हात, डावा हात, दिशा बदलून, मान वर ठेवून. तुम्ही मध्येच हात वर करून बोटं दाखवा आणि आकडा विचारा. मान खाली असलेल्यांना उत्तर येत नाही.

ले-अपला, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून उडी मारत बॉल टाकायला, दहा-बारा मिनिटं. एका रांगेत चार-पाचहून जास्त मुलं नकोत, नाहीतर अर्धा वेळ उभं राहण्यात जातो. बॉल आत गेला का हे इथे दुय्यम आहे. पाय बघा. दोन पावलं नीट पडतात का, योग्य पायावरून उडी येते का, डाव्या बाजूने आल्यावर निदान डाव्या हाताने प्रयत्न तरी होतो का? शॉटिंगला आठ मिनिटं खूप झाली. दहा शॉटांत किती पडले यावरून काहीच ठरत नाही. पायांचा तोल आणि हाताची हालचाल दर वेळी सारखी येते का, एवढं टिपा.

यानंतर दोन-तीन मिनिटं काढून एखादी नवी गोष्ट शिकवा. उदाहरणार्थ, दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, एक पाय रोवून दुसऱ्यावर वळायचं आणि पास द्यायचा. दोनदा करून घ्या आणि सोडून द्या. याचे गुण आज नाही, दुसऱ्या सत्रात द्यायचे आहेत.

पाणी प्यायला सोडा. मग उरलेल्यातला मोठा भाग, किमान ३५ मिनिटं, तीन विरुद्ध तीन. चाचणीचा जीव इथे आहे. पाच विरुद्ध पाचमध्ये दहा जण एका बॉलमागे असतात आणि कोपऱ्यात उभं राहून पूर्ण डाव काढता येतो. तिघांत लपायला जागा नसते. डिफेन्स चुकला तर लगेच बास्केट होते, आणि कोणामुळे झाली हे सगळ्यांना दिसतं.

अर्ध्या कोर्टवर तीन-तीन मिनिटांचे डाव घ्या. संघ तुम्ही पाडा आणि प्रत्येक डावाला बदला. मुलांना पाडू दिले तर मित्र मित्रांबरोबर जातात आणि नवख्याला कोणी पास देत नाही. पहिले दोन डाव मोकळे खेळू द्या. मग नियम बदला. ड्रिबल बंद. फक्त पास आणि धावणं.

या एका नियमाने कोर्टवर काय होतं ते बघण्यासारखं असतं. समजा ७ नंबरचा मुलगा आतापर्यंत दोघांना चकवून आत घुसत होता. त्याला बॉल मिळतो, सवयीने एक टप्पा मारतो, शिट्टी वाजते. पुढच्या वेळी तो बॉल छातीशी धरून उभा राहतो, कारण काय करायचं हेच कळत नाही. तिकडे १४ नंबरची मुलगी, जिचं एकही ड्रिबल कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, पास देते आणि न थांबता बास्केटकडे कापत जाते. तिला बॉल परत मिळाला नाही तर ती बाहेर येऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा जाते. ती आधीच्या दोन डावांतही हेच करत होती. फक्त कोणी तिला बघून बॉल दिला नाही, आणि तुम्हीही बॉलकडेच बघत होता.

म्हणून बघण्याची पद्धत ठरवून घ्या. प्रत्येक परीक्षकाने एका डावात दोनच नंबर बघायचे, बॉल कुठेही असो. डाव संपला की शिट्टी वाजवणाऱ्याने पाऊण मिनिट थांबायचं आणि परीक्षकांनी तेवढ्यात लिहायचं. पुढच्या डावाला पुढचे दोन नंबर. कोणाचे नंबर कोणी कधी बघायचे याचा तक्ता आधीच करून परीक्षकांच्या हातात द्या, कारण ऐन वेळी प्रत्येक जण त्याच त्या तीन मुलांकडे बघत बसतो. सुरुवातीला हे जड जातं. कोणी सुंदर बास्केट केली की मान वळतेच. तक्ता हातात असेल तर ती परत जागेवर येते.

मुलांना अपेक्षा असते म्हणून शेवटची दहा मिनिटं पाच विरुद्ध पाच खेळवा. इथे एकच गोष्ट टिपा, बॉल गेल्यावर मागे कोण धावतं.

कोर्टच्या बाहेरचंही बघा, पण जपून. सोबत्याचा पास चुकला की हात झटकणारा मुलगा आणि ‘चल, चल’ म्हणणारा मुलगा यांत फरक आहे, तो नोंदवा. गप्प बसणाऱ्या मुलाला मात्र ‘उत्साह नाही’ असा शेरा मारू नका. अनोळखी वीस जणांत दहा वर्षांचं मूल गप्प बसणारच.

मधला दिवस

दोन सत्रांत निदान एक दिवस जाऊ द्या. परीक्षकांनी आपापसांत बोलण्याआधी कागद तुमच्याकडे द्यावेत. आधी चर्चा झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सगळ्यांचं होतं. कागद जमल्यावर तीन गठ्ठे करा: नक्की घ्यायचे, बहुधा नाही, आणि मधले. दोन परीक्षकांच्या गुणांत मोठी तफावत असेल तर ते मूल सरळ मधल्या गठ्ठ्यात. पहिल्या सत्रानंतर कोणालाही घरी पाठवू नका. आजारी, घाबरलेली, नवे बूट चावणारी मुलं प्रत्येक चाचणीत असतात. फार गर्दी असेल तर वयाप्रमाणे वेगवेगळ्या वेळा करा, पण दोन संधी सगळ्यांना द्या.

दुसरं सत्र

हे सत्र मधल्या गठ्ठ्यासाठी आहे. ड्रिल कमी, खेळ जास्त.

वॉर्म-अप झाला की त्या दिवशी शिकवलेलं थांबणं-वळणं करायला सांगा. आठवण करून देऊ नका, करून दाखवू नका. काहींना जमेल, काही चुकीचं पण तेच करायचा प्रयत्न करतील, काहींच्या चेहऱ्यावर कोरा भाव येईल. चुकीचा प्रयत्न करणाऱ्यालाही मी वरचे गुण देतो. तो घरी जाऊन त्यावर विचार करून आलेला असतो.

मग दोन विरुद्ध एक आणि तीन विरुद्ध दोन खेळवा. आपले जास्त असताना बॉल कोणाला द्यायचा हे कळतं का, की प्रत्येक जण स्वतःच शॉट घेतो? पुन्हा तीन विरुद्ध तीन घ्या. आधी मधली मुलं एकमेकांविरुद्ध, मग प्रत्येकाला दोन पक्क्या खेळाडूंबरोबर. काही मुलं चांगल्या सोबत्यांत एकदम वेगळी दिसतात. उंच मुलाला बॉल वर आणायला सांगा, बुटक्याला बास्केटखाली रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकडायला, उभं करा. जागा बदलल्यावर तोंड पाडतो की करून बघतो, हेही टिपा.

दमवायचं असेल तर खेळातूनच दमवा. कोर्टला फेऱ्या मारायला लावून कोण आधी थकतं एवढंच कळतं. खेळताना दमलेलं मूल डिफेन्सला गुडघे वाकवतं का, हे शेवटच्या पंधरा मिनिटांत दिसतं.

यादी

बेरीज करून वरचे बारा घेतले, असं करू नका. बेरीज ही चर्चेची सुरुवात. आता जन्मतारखा बघा. एकाच वयोगटात जानेवारीतला आणि डिसेंबरातला, असे जवळजवळ वर्षाच्या फरकाचे दोघं असू शकतात. गटात वयाने मोठी मुलं जास्त निवडली जातात, हे अनेक खेळांत दिसलेलं आहे. गुण सारखे असतील तर धाकट्याला झुकतं माप द्यायला हरकत नाही.

बॉल वर आणू शकणारे किमान तिघं आहेत का ते तपासा. आंतरराष्ट्रीय नियमात आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडावं लागतं. एकाच मुलावर ते काम टाकलं आणि समोरच्या संघाने त्यालाच घेरलं, की बाकी चौघं नुसती बघत राहतात. त्यापलीकडे या वयात जागा पक्क्या करू नका. आणि दोघांत अडकलात तर जो पटकन शिकतो त्याला घ्या. कौशल्य तुम्ही शिकवू शकता.

निकाल सांगणं

याला यादीइतकाच वेळ राखून ठेवा.

फलकावर यादी लावू नका, गटावर टाकू नका. नाव नसलेलं मूल ती यादी चार जणांच्या देखत वाचतं. सगळ्यांना एकाच संध्याकाळी कळवा, निवडलेल्यांना आणि न निवडलेल्यांना. आधी न निवडलेल्यांशी बोला, नाहीतर मित्राकडून कळतं. शक्य तर प्रत्यक्ष, नाही तर फोनवर, आणि पालकांबरोबर मुलाशीही.

पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा. पाच मिनिटं कौतुक करून मग ‘पण’ म्हणणं क्रूर आहे. साधारण असं बोलता येईल:

‘या वेळी संघात तुझं नाव नाही. वाईट वाटेल, साहजिक आहे. बॉल गेल्यावर तू दर वेळी मागे धावत आलास, ते आम्ही तिघांनीही लिहिलं आहे. डाव्या हाताने ड्रिबल अजून सुटतं, त्यामुळे दबाव आला की तू अडकतोस. रोज दहा मिनिटं फक्त डाव्या हाताने कर. काही विचारायचंय?’

मग गप्प राहा. रडू आलं तर येऊ द्या. ‘पुढच्या वर्षी नक्की घेऊ’ असं कधीही म्हणू नका, पुढच्या वर्षी कोण येणार हे तुमच्या हातात नाही. त्याऐवजी खरोखर देता येईल ते सांगा. सरावाला येण्याची परवानगी, कनिष्ठ गट, पुढच्या चाचणीचा महिना.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो.

‘सर, त्या अमक्याला घेतलंत. आमची मुलगी त्याच्यापेक्षा कुठे कमी आहे?’

‘दुसऱ्या मुलाबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तुमच्या मुलीबद्दल दुसऱ्यांशीही बोलणार नाही. तिच्या कागदावर काय आहे ते सगळं दाखवतो.’

आणि कागद काढा. ‘काय दिसलं’चा रकाना भरलेला असेल तर हे बोलणं दहा मिनिटांत संपतं. कोणी रागाने बोलू लागलं तर उद्या भेटू म्हणा, पण उद्याची वेळ लगेच द्या. निकालाच्या रात्री वाद घालून कोणाचंच मत बदलत नाही.

गुणपत्रकं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, इतरांच्या हाती लागणार नाहीत अशी. मधल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या तिघांचा क्रम वेगळा लिहून ठेवा. कोणी शाळा बदलेल, कोणाचा पाय मुरगळेल, कोणाला दुसरा खेळ आवडेल. जागा रिकामी झाली की त्याच दिवशी क्रमाने पहिल्याच्या घरी फोन करा, आणि फोन उचलल्यावर तो डावा हात कसा चाललाय ते आधी विचारा.